भूलतज्ज्ञाच्या बागेतला हेजहॉग

रविवार, २ डिसेंबर २००७. सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटं. लीड्समधल्या भाड्याच्या खोलीत मी थिसिसच्या तिसऱ्या प्रकरणातली एक आकृती दुरुस्त करत होते आणि लंडनजवळच्या पिनरहून आईचा फोन आला.

"अगं, तुझ्या बाबांनी बागेतून एक जनावर उचलून आणलंय, आणि त्याला ऑक्सिजन द्यायचा म्हणतायत."

"कसलं जनावर?"

"साळिंदराचं पिल्लू."

इंग्लंडमधल्या बागांत साळिंदरं नसतात. आकार विचारला, तर लहान नारळाएवढा. काटे विचारले, तर बोटाच्या पेराएवढे. म्हणजे तो हेजहॉग होता, किडे खाणारा वेगळाच काटेरी प्राणी; पिल्लू नव्हता, पूर्ण वाढलेला होता, आणि डिसेंबरमध्ये तो पानांच्या ढिगात गोळा होऊन पडलेला असणं यात आश्चर्य करण्यासारखं काहीच नव्हतं. एवढं मी सांगेपर्यंत बाबांनी फोन आपल्याकडे घेतला होता.

"शेडमागची पानं काढत होतो, तिथे सापडला. अनरिस्पॉन्सिव्ह. बर्फासारखा गार. स्टेथोस्कोप लावायला गेलो तर सगळीकडे काटेच. मग घड्याळ लावून श्वास मोजले. एक श्वास, आणि त्यानंतर बराच वेळ काही नाही."

"बाबा, तो झोपलाय. त्याला होता तिथे परत ठेवा आणि वर पानं टाका."

"चौतीस वर्षं मी लोकांना झोपवत आलोय. झोप कशी दिसते ते मला कळतं."

"ही ती झोप नाही."

"मग मी तरी काय म्हणतोय? फोन ठेवतो. पेशंट वाट बघतोय."

माझे बाबा भूलतज्ज्ञ. त्याच वर्षी मार्चमध्ये ते हॉस्पिटलमधून निवृत्त झाले होते. आपल्या पेशाची व्याख्या ते एका वाक्यात करत: झोपवणं कोणालाही जमतं, उठवता आलं पाहिजे. त्यांच्या टेबलावर गार पडलेलं, संथ श्वास घेणारं शरीर म्हणजे काहीतरी बिनसल्याची खूण. तिथे विचार करत बसायचं नसतं, ऊब द्यायची असते. या सवयीने त्यांनी किती माणसं परत आणली असतील याची गणती नाही. पण हेजहॉगचं शास्त्र नेमकं उलटं आहे. हिवाळ्यात किडे मिळत नाहीत, म्हणून तो शरद ऋतूत चरबी साठवतो आणि मग शरीराचा कारभार जवळजवळ बंद करतो. तापमान भोवतालच्या मातीएवढं खाली येतं, हृदय अगदी संथ चालतं, श्वास मध्येच थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. हा आजार नाही, ही काटकसर आहे. त्याला जागं करणं म्हणजे कोणाची वर्षभराची बचत एका दुपारी उधळायला लावणं. थंडावलेल्या शरीराला पुन्हा ऊब आणण्यातच साठवलेली चरबी भराभर जळते.

दुपारपर्यंत बाबांनी त्याला शास्त्रशुद्ध पद्धतीने जागं केलं. इथवर ही एका घरातली चूक होती. अडीच वाजता ती सार्वजनिक झाली.

पिनर ज्या हॅरो भागात येतं, तिथल्या आमच्या मराठी मंडळाची एक ईमेल यादी होती. गणपतीच्या वर्गणीपासून चितळे बाकरवडी कुठल्या दुकानात आली आहे इथपर्यंत सगळं तिच्यावर येई. आदल्या दिवशी कोणीतरी एक फॉरवर्ड पाठवला होता. कुठल्याशा वेबसाइटवरून उचललेला, अर्धा कॅपिटल अक्षरांत: हिवाळ्यात दिसणारा प्रत्येक हेजहॉग थंडीने मरत असतो, बागेतले पानांचे ढीग तपासा, सापडेल त्याला घरात आणा, रेडिएटरजवळ ठेवा, कोमट दूध आणि पाव द्या. एका परिच्छेदात चार चुका, आणि चारही भूतदयेच्या आवाजात. एरवी हा मेल शनिवारीच विस्मृतीत गेला असता. पण बाबांनी त्याखाली लिहिलं, "अनुभवाने पडताळून पाहिलं आहे. रुग्ण आज सकाळी गंभीर अवस्थेत दाखल झाला. ऊब दिल्यावर पूर्ण शुद्धीवर आला. दूध घेतलं." आणि खाली आपल्या साऱ्या पदव्यांसह सही ठोकली.

मी संध्याकाळी उत्तर पाठवलं. सात क्रमांकित परिच्छेद, शेवटी संदर्भसूची. माझं लेखन स्पष्ट आणि निर्विवाद होतं, आजही माझं तेच मत आहे. सोमवारी सकाळपर्यंत त्याला पाच उत्तरं आली.

पहिल्या काकांनी लिहिलं, "बाळ, डॉक्टरांनी पडताळून पाहिलंय ना?" दुसऱ्यांनी विचारलं की माझी पीएचडी प्राण्यांवर आहे की पेशींवर. पेशींवर होती, स्नायूंच्या. ते उत्तर मी दिलं आणि माझी बाजू तिथेच निम्मी पडली. तिसऱ्या एका काकूंनी दुधात चिमूटभर हळद सुचवली. चौथ्या काकूंनी माझ्या मराठीचं कौतुक करून लग्नाचं कुठवर आलं ते विचारलं.

पाचवं उत्तर मंडळाचा बालविभाग सांभाळणाऱ्या काकूंचं होतं. येत्या शनिवारी मुलांचा नेहमीचा वर्ग न घेता त्या "हेजहॉग बचाव मोहीम" काढणार होत्या. घरोघरच्या बागांतले पानांचे ढीग मुलं उपसणार, सापडतील ते प्राणी उबेला आणणार. "डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली," असं त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

मी काकूंना फोन केला. त्या प्रेमळपणे म्हणाल्या, "अगं, तुझे बाबा म्हणाले तर मी लगेच रद्द करते. पण ते म्हणायला हवेत. तीस मुलांनी नावं दिलीयेत."

म्हणजे प्रश्न सुटसुटीत झाला होता. शनिवारच्या आत बाबांनी आपली सही मागे घ्यायची. तसं झालं नाही, तर तीस मुलं हॅरोभर झोपलेले हेजहॉग उकरून काढणार होती.

मंगळवारी लंडनला एक सेमिनार होता. तो संपवून मी मेट्रोपॉलिटन लाइनने पिनरला पोहोचले. दार आईने उघडलं आणि कुजबुजत म्हणाली, "जरा सांभाळून बोल. मार्चपासून पहिल्यांदा हा माणूस सातला उठून दाढी करतोय."

युटिलिटी रूममध्ये वॉशिंग मशीनशेजारी मोठा खोका होता. त्यात बाबांचा जुना टॉवेल, टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी, आणि टॉवेलाखालून बाहेर आलेलं एक ओलं काळं नाक. भिंतीवर चार्ट चिकटवला होता: वेळ, श्वास, दूध किती घेतलं. बाबा स्टुलावर बसून त्याच्याकडे असे बघत होते, की त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान पाहून मी तयार केलेली पहिली तीन वाक्यं गिळली.

चौथं मात्र बोलले. "याला जुलाब होतायत."

"थोडे. ताणामुळे."

"दुधामुळे. बाबा, नागपंचमीला नागाला दूध पाजू नका म्हणून कॉलेजात असताना तुम्हीच घरोघर सांगत फिरला होतात ना?"

"नाग सरपटणारा प्राणी आहे. त्याला दुधाशी काय देणंघेणं? हा सस्तन आहे. सस्तन प्राणी दूध पितो. व्याख्याच आहे ती."

"लहानपणी पितो. आईचं. मोठेपणी गाईचं दूध त्याला पचत नाही."

"कशावरून?"

"तुम्ही चहा कोरा का पिता?"

दारात उभी असलेली आई खोकल्यासारखं करून हसली. बाबांना दूध पचत नाही. घरातला श्रीखंडाचा प्रत्येक बेत या एका वस्तुस्थितीभोवती आखला जातो. बाबांनी हेजहॉगवरचा टॉवेल सारखा केला.

"हा वैयक्तिक हल्ला आहे," ते म्हणाले.

"हे उदाहरण आहे. सस्तन प्राण्याचं."

मी वजन करायचं सुचवलं. त्यावर आई गरजली, "माझ्या बेसनाच्या वजनकाट्यावर पुन्हा ते जनावर ठेवलंत तर याद राखा!" रविवारी तिचा डोळा चुकवून बाबांनी ते केलंच होतं, तेव्हाचा आकडा सहाशे दहा ग्रॅम होता. आता मी काट्यावर प्लास्टिकची पिशवी अंथरली. पाचशे अठ्ठेचाळीस. दोन दिवसांत शरीराचा दहावा हिस्सा गेला होता. साधारण सहाशेच्या खाली असलेला हेजहॉग थंडीत परत सोडला, तर तो वसंतापर्यंत टिकेल याची खात्री देता येत नाही. बाबांनी आकडा दोनदा वाचला.

"शनिवारच्या आधी यादीवर लिहा, बाबा."

"आधी पेशंट बरा करतो. मग बघू."

"तोवर तीस मुलं—"

"ऐकलं मी."

त्यांच्या आवाजात हट्ट होता, आणि हट्टाखाली भीती. निवृत्त डॉक्टरांना लोक काय विचारतात? गुडघेदुखी, नाहीतर पार्किंग. या आठवड्यात मात्र दोनशे घरं त्यांना पेशंटची तब्येत विचारत होती. त्यांनी काय मागे घ्यायचं, ते मला नीट कळत होतं. म्हणून मी क्रमांकित परिच्छेद पुन्हा काढले नाहीत. पशुवैद्याची बुधवारची वेळ तेवढी घेतली.

तिथल्या प्रतीक्षाकक्षात आम्ही तिघं ओळीत बसलो होतो. एका बाजूला पट्टा बांधलेला लॅब्राडोर, दुसऱ्या बाजूला ससा. आईच्या मांडीवर खोका. "माझ्या मांडीवर नातवंडाच्या जागी बघा काय आलंय," असं ती मला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली. बाबा अस्वस्थ होते. उभ्या आयुष्यात ते दवाखान्याच्या या बाजूला, नातेवाइकांच्या खुर्चीत, बसले नव्हते.

पशुवैद्य माझ्याच वयाची मुलगी होती. तिने हातमोजे घालून हेजहॉग तपासला, पोट दाबून पाहिलं आणि मान वर न करता विचारलं, "आतापर्यंत काय खायला दिलंय?"

बाबा म्हणाले, "पाणी. आणि माझ्या बायकोने थोडंसं दूध दिलं असावं. एकदा."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात आईने माझ्या दंडाला चिमटा काढला. परक्यासमोर नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, हा तिच्या संसाराचा नियम आहे. पशुवैद्याने मान डोलावली, एकदाच थोडं दूध म्हणजे जुलाब त्याचे नसावेत, बहुधा जंतांचा संसर्ग असेल, असं म्हटलं. मग जंतांच्या औषधाचं इंजेक्शन भरायला घेते, तोवर पाच मिनिटं बाहेर थांबा, असं सांगितलं.

बाहेर म्हणजे पार्किंगमध्ये. गाडीचं दार लागलं आणि नियमाची मुदत संपली.

"मी दूध दिलं? मी? त्या खोलीत मी पाऊल तरी टाकलंय का रविवारपासून? माझी वॉशिंग मशीन बंद आहे तुमच्या आयसीयूपायी! दूध दिलं म्हणे बायकोने!"

बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. गाडी सुरूच केली नव्हती. ते बोलले, पण आईशी नाही, माझ्याशी.

"ऑपरेशनच्या आधी मी प्रत्येक पेशंटला एकच प्रश्न विचारायचो. शेवटचं कधी खाल्लंस? आणि लोक खोटं बोलायचे. उपाशी आहे म्हणायचे आणि पोटात पराठा असायचा. एकाने तर सँडविच बायकोने खाल्लं म्हणून सांगितलं होतं. भूल दिल्यावर ते अन्न वर येतं, फुप्फुसात जातं. माणूस जातो. चौतीस वर्षांत मी सर्जनवर चिडलो नाही, नर्सवर चिडलो नाही. फक्त या खोट्यावर चिडलो."

आईने वळून दवाखान्याच्या दाराकडे पाहिलं.

"त्या पशुवैद्याने इंजेक्शन भरायला घेतलंय," बाबा म्हणाले, दार उघडलं आणि पावसात छत्री न घेता परत आत गेले.

आम्ही काचेतून बघत होतो. बाबा काउंटरपाशी हातवारे करत बोलत होते. तीन बोटं, पुन्हा तीन बोटं. पूर्ण हिस्टरी: तीन दिवस, दिवसातून तीनदा, सायीसकट. पशुवैद्य आधी थक्क झाली, मग हसली. आई म्हणाली, "बघ, आता तिलाही पराठ्याची गोष्ट सांगणार." आणि खरंच ते बराच वेळ आले नाहीत.

आले तेव्हा ताजेतवाने होते. इंजेक्शन तूर्त रद्द. दूध बंद, उथळ वाटीत पाणी, मांजराचं टिनमधलं मांसाहारी खाणं. वजन सहाशेच्या बरंच वर गेलं आणि चार-पाच रात्री सौम्य मिळाल्या, की जिथून उचलला तिथेच सोडायचा.

"मांजराचं टिन माझ्या घरात?" आई म्हणाली. "बीफ चालायचं नाही, सांगून ठेवते. आणि चमचा वेगळा."

सुपरमार्केटात बाबांनी सगळ्या टिनांवरची बारीक अक्षरं औषधाच्या माहितीपत्रकासारखी वाचली आणि चिकनची बारा टिनं घेतली. काउंटरवरच्या बाईने मांजराचं नाव विचारलं. बाबा म्हणाले, "भाडेकरू आहे."

घरी आल्यावर त्यांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. "लिही. मी सांगतो. आणि परिच्छेदांना नंबर घालू नकोस, लोक झोपतात."

त्यांनी सांगितलं ते असं: "रविवारी मी या यादीवर जे लिहिलं ते चूक होतं. आजारी नसलेल्या रुग्णाला मी आजारी ठरवलं. तो गाढ झोपला होता, मी त्याला उठवलं. मग त्याला दूध पाजलं, जे त्याला पचत नाही, आणि मलाही पचत नाही, त्यामुळे मला हे कळायला हवं होतं. दोन दिवसांत त्याचं बासष्ट ग्रॅम वजन माझ्या उपचारांनी घटलं. पशुवैद्याने विचारलं तेव्हा मी माझ्या बायकोचं नाव पुढे केलं. तिची मी क्षमा मागितली आहे, ती अजून मिळालेली नाही. तरी कोणीही पानांचे ढीग उकरू नयेत. हिवाळ्यात हेजहॉग भर दिवसा उघड्यावर फिरताना, झोकांड्या खाताना दिसला तरच तो संकटात आहे. त्याला उंच कडांच्या खोक्यात ठेवावं, टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी द्यावी आणि लगेच जाणकारांना फोन करावा. बाकी सगळ्यांना झोपू द्यावं. हे मला उशिरा समजलं. माझ्या मुलीला रविवारी सकाळीच माहीत होतं."

शेवटचं वाक्य टाइप करताना मी थांबले. बाबा म्हणाले, "लिही ना. वस्तुस्थिती आहे."

सहीत पदव्या तशाच होत्या. "त्या कशाला काढू?" ते म्हणाले. "चूकही तितकीच क्वालिफाइड आहे."

माझ्या सात परिच्छेदांना पाच उत्तरं आली होती. बाबांच्या मेलला गुरुवार सकाळपर्यंत एकेचाळीस आली. तेव्हा मी थोडी चिडले, हे नोंदवायला हवं. आशय तोच होता आणि संदर्भसूची तर नव्हतीच. हळदवाल्या काकूंनी लिहिलं, "डॉक्टर, तुम्ही लिहिलंत म्हणून सांगते, आमच्या गॅरेजमध्येही एक आणून ठेवलाय. परत कसा ठेवू?" बाबांनी त्यांना अर्धा तास फोनवर सूचना दिल्या. नशिबाने तो पुरता जागा झालेला नव्हता. आणखी एका काकांनी कबूल केलं की मूळ फॉरवर्ड त्यांनीच वाचून न बघता पाठवला होता. बालविभागाच्या काकूंनी मोहीम रद्द केली नाही, उलटी केली. शनिवारी तीस मुलांनी हॅरोमधल्या बागांत पानं उपसण्याऐवजी गोळा केली, कुंपणांच्या कोपऱ्यांत ढीग रचले आणि त्यांना हात लावू नका अशा पाट्या लावल्या. पाट्यांवरचं मराठी शुद्धलेखन तपासायचं काम माझ्याकडे आलं. एका पाटीवर लिहिलं होतं, "आत कोणी झोपला आहे. डॉक्टरांना सांगू नका." ती मी तशीच राहू दिली.

पेशंटचं वजन यादीवर रोज जाऊ लागलं. क्रिकेटचा स्कोर विचारावा तसे लोक विचारत. पाचशे साठ, पाचशे एक्काहत्तर, मध्ये एकदा घसरण, मग सहाशे पार. सहाशे झाले त्या दिवशी कोणीतरी पेढ्यांचा फोटो पाठवला. ख्रिसमसच्या सुट्टीत मी पिनरला गेले तेव्हा चार्टवरचे श्वासांचे रकाने बाबांनी खोडले होते. "झोपला असला की मोजत नाही मी आता," ते म्हणाले. वजन करायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. आईने या कामासाठी नवा वजनकाटा आणला होता, आणि तिला कोणी बघत नाही असं वाटलं की ती टिनमधला मोठा तुकडा वेगळ्या चमच्याने त्याच्याकडे सरकवत असे.

जानेवारीच्या पहिल्या शनिवारी हवा सलग पाचव्या दिवशी उबदार होती. साडेचारला, उजेड जात असताना, आम्ही शेडमागे गेलो. बाबांनी तिथे पानांचा नवा ढीग केला होता, जुन्यापेक्षा दुप्पट. खोका आडवा ठेवल्यावर बराच वेळ काहीच झालं नाही. मग नाक आलं, मग पाय, आणि तो आमच्याकडे न बघता पानांत शिरला. पानं थोडी हलली. आतून ती ओढून घेतल्याचा आवाज आला.

"बाहेर येऊन बघणार नाही ना परत?" आईने विचारलं.

"आला तर येऊ दे. भूक लागली तर खाऊन झोपेल पुन्हा," बाबा म्हणाले. "आपण नाही उठवायचं."

ते आत निघाले. मी थेट युटिलिटी रूममध्ये गेले; भिंतीवरचा चार्ट पुरा करायचा होता. घरातून निघताना केलेलं वजन हातावर पेनने लिहून ठेवलं होतं, ते मी शेवटच्या रकान्यात उतरवलं: सातशे बारा ग्रॅम.